आधी तळ पाहा
(व्हीलचेअरसाठी गाड्यांमध्ये बदल करणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूम, वाशीकडची माणसे मोठ्या दवाखान्यासाठी बार्शी गाठतात. उमरगा-लोहाऱ्याची सोलापूरला नाहीतर लातूरला जातात. कळंबकरांना लातूर आणि अंबाजोगाई सोयीचे. धाराशिव शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरीही मणका, मेंदू किंवा कर्करोगाचे दुखणे निघाले की जिल्ह्याची हद्द बहुधा ओलांडावीच लागते. चालत्या-फिरत्या माणसाला हा प्रवास जीपमध्ये दाटीवाटीने बसून होतो. ज्याची कमरेखालची ताकद गेली आहे त्याचा प्रवास गाडीच्या दाराशीच अडतो. मग शेजारपाजारचे चौघे जमतात. दोघे काखेत हात घालतात, एक जण गुडघ्याखाली धरतो, चौथा आत बसून ओढून घेतो. व्हीलचेअर मिटून टपावर बांधली जाते, आणि उतरताना हाच सगळा खटाटोप उलट्या क्रमाने होतो.

या उचलाउचलीचे नुकसान वरवर दिसत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली बहुधा वेदना कळत नाही. दाराच्या पत्र्याची कड मांडीला घासली, घोटा सीटच्या नळीवर आदळला, तरी तो काही बोलत नाही, कारण त्याला ते जाणवतच नाही. घरी आल्यावर दोन दिवसांनी जखम दिसते, आणि अशी जखम भरायला महिने लागतात. लकवा झालेल्या माणसाचा निकामी हात धरून ओढला तर खांदा निखळू शकतो. उचलणाऱ्या बायकोची किंवा आईची कंबर जाते ते वेगळेच. आणि बाईमाणूस असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. चार परक्या पुरुषांनी अंगाला हात लावून उचलायचे, तेही बाजारात, स्टँडवर, सगळ्यांदेखत! अनेक बायका त्यापेक्षा घराबाहेर पडणेच सोडून देतात. दवाखान्याची तारीख चुकते, लग्नकार्य चुकते, मतदान चुकते. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी हानी हीच आहे.

ही पुस्तिका त्या दाराशी थांबलेल्या माणसांसाठी आहे, पण लिहिली आहे गॅरेजवाल्यांसाठी, फॅब्रिकेशनच्या कारागिरांसाठी आणि गाडीमालकांसाठी. तिचा विषय ऐकायला अगदी कोरडा वाटतो: गाडीचा तळ. सुट्या पट्ट्या एकमेकींत बसवून तयार केलेला, सीट काढता-घालता येतील आणि व्हीलचेअर पक्की बांधता येईल असा तळ. धंद्यात त्याला मॉड्युलर फ्लोअरिंग म्हणतात. व्हीलचेअरची गाडी म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लिफ्ट येते, रॅम्प येतो. दोन्ही महत्त्वाचे आहेतच. पण ते माणसाला आत घेण्यापुरते. आत घेतलेला माणूस सोलापूरपर्यंत सुखरूप जाईल की नाही, आणि त्याला उतरवल्यावर तीच गाडी मालकाचे पोट भरील की नाही, हे तळावर ठरते.

ही दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यात फार मोलाची आहे. २०११च्या जनगणनेनुसार धाराशिवची लोकसंख्या १६,५७,५७६, आणि त्यातले सुमारे ८३ टक्के लोक खेड्यांत राहतात. २०१८ साली नीती आयोगाने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपले नाव होते. मुंबईत इझीमूव्ह, बंगळुरूत किकस्टार्ट अशा खास व्हीलचेअर टॅक्सीच्या सेवा निघाल्या. महानगरात गिऱ्हाईक दाट असते, म्हणून केवळ व्हीलचेअरसाठी राखलेली गाडी तिथे निदान चालवून पाहता येते. लोहाऱ्यात किंवा वाशीत अशी गाडी आठवड्यातले बरेच दिवस उभी राहील आणि हप्ता मात्र दर महिन्याला जाईल. इथे तीच गाडी टिकेल जी सोमवारी बाजारची माणसे नेते, मंगळवारी पौर्णिमेचे भाविक तुळजापूरला पोहोचवते आणि बुधवारी मधली सीट उतरवून व्हीलचेअरवरच्या माणसाला बार्शीला घेऊन जाते. सीट कायमची कापून टाकलेली गाडी हे करू शकत नाही. बदलता तळ असलेली करू शकते.

गरज नव्याने वाढते आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. आपल्याकडे अपंगत्वाचे जे चित्र मनात ठसले आहे ते पोलिओचे: कुबड्या, कॅलिपर, हाताने फिरवायची तीनचाकी सायकल, आणि अलीकडे मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटी. त्या माणसांच्या हातांत बळ होते. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११मध्ये आढळला आणि मार्च २०१४मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आजच्या व्हीलचेअरवर बसलेला माणूस बहुधा वेगळा आहे. महामार्गावर मोटारसायकल घसरून मणका मोडलेला तरुण, झाडावरून किंवा विहिरीत पडलेला शेतकरी, लकवा झालेली आजी, सेरेब्रल पाल्सी असलेले मूल. यांतल्या अनेकांना स्वतःच्या हातांच्या बळावर सीटवर सरकता येत नाही. त्यांना खुर्चीसकट प्रवास करावा लागतो. स्कूटीने सुटलेला प्रश्न इथे सुटत नाही.

आणि या जिल्ह्याला एक जुनी आठवण आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे झोपेत गाठली. सुमारे आठ हजार माणसे गेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर आले होते. अशा ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसाचा मणका सांभाळून त्याला कसे न्यायचे, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते. मिळेल त्या ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून जखमी हलवले गेले. सर्वाधिक फटका बसलेल्या गावांपैकी सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे आणि तिथे दिव्यांग मुलांची निवासी शाळा उभी आहे. अपंगत्व म्हणजे काय हे या भागाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, तीही इथे सगळ्यांना माहीत आहे. पण बसची पहिली पायरीच गुडघ्याच्या उंचीवर असेल तर सवलतीचे तिकीट घेणारा माणूस स्टँडवरच राहतो.

आता मूळ विषयाकडे.

साध्या व्हॅनचा तळ म्हणजे नागमोडी दाबलेला पातळ पत्रा. कारखान्यातून सीट जिथे बोल्ट केलेली असते तिथे खाली जादा पट्टी वेल्ड केलेली असते, बाकी पत्रा मोकळा. आपल्याकडे गाडी बदलायची म्हटले की त्यावर १८ मिलिमीटरचा प्लाय टाकतात, वर रेक्झिन किंवा चेकर प्लेट ठोकतात आणि व्हीलचेअर अडकवायला दोन-चार हूक बोल्ट करतात. दिसायला काम झाले. पहिल्या पावसाळ्यात बोल्टच्या भोकांतून पाणी शिरते, प्लाय फुगतो, मग भोक मोठे होऊन बोल्ट हलू लागतो. हुकाला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे फक्त प्लाय आणि पातळ पत्रा.

मॉड्युलर तळात प्लायऐवजी ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या असतात. एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत बसते आणि पूर्ण तळ एकसंध होतो. जाडी साधारण दोन-अडीच सेंटिमीटर. काही पट्ट्यांतच लांबीभर रूळ घडवलेला असतो, विमानातल्या सीटखाली असतो त्या धर्तीचा. सीटचे पाय या रुळात घालून खटका दाबला की सीट घट्ट बसते. खटका उचलला की ती सरकवता येते किंवा बाहेर काढता येते. त्याच रुळात व्हीलचेअर बांधायच्या पट्ट्यांची कडी अडकते. वरून पाय न घसरणारे व्हिनाइल असते. जर्मनीतल्या एएमएफ-ब्रुन्ससारख्या कंपन्यांनी असे तळ रुग्णवाहू गाड्यांसाठी रूढ केले. गाडी तीच, बैठक मात्र रोजच्या गरजेप्रमाणे.

इथे कारागिराने थांबून एक हिशेब करावा. व्हीलचेअर बांधायच्या साधनांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, आयएसओ १०५४२, तिच्यात ताशी ४८ किलोमीटर वेगाची समोरासमोरची धडक गृहीत धरतात आणि धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट असतो. माणूस ७० किलोचा, खुर्ची २० किलोची. मिळून ९० किलो. त्याच्या वीसपट म्हणजे १,८०० किलो. क्षणभरासाठी जवळपास दोन टनांचा ओढा त्या तळावर येतो, आणि समोरच्या धडकेत त्यातला मोठा वाटा खुर्ची मागून बांधणाऱ्या दोन पट्ट्यांवर पडतो. पातळ पत्र्यात मारलेला बोल्ट हा ओढा सहन करत नाही. पत्रा फाटतो आणि बोल्ट, हूक, खुर्ची, माणूस सगळे एकत्र पुढे जातात. म्हणून तळ कितीही सुबक असला तरी तो खालून चॅसीच्या आडव्या तुळयांना किंवा मोठ्या पोलादी आधारपट्ट्यांना बोल्टने धरलेला असला पाहिजे. या पुस्तिकेतले दुसरे काही वाचायला वेळ नसेल तर एवढे तरी वाचावे आणि पाळावे.

खुर्ची नेहमी चालकाच्या दिशेने तोंड करून ठेवायची. आडवी ठेवलेली खुर्ची धक्क्यात दुमडते. पुढे दोन, मागे दोन अशा चार पट्ट्या खुर्चीच्या सांगाड्याला बांधायच्या, चाकाला किंवा हाताच्या दांड्याला नव्हे. माणसासाठी वेगळा तीनबिंदू पट्टा हवा आणि तोही गाडीलाच जोडलेला. कमरेची पट्टी पोटावर नको, ओटीपोटाच्या हाडावर हवी. खुर्चीचा स्वतःचा पट्टा फक्त बसणे नीट राहावे म्हणून असतो. धडकेत त्याचा भरवसा धरू नये.

शिबिरांमधून, दिव्यांगांना साधने देणाऱ्या एडिप योजनेखाली, एलिम्को या सरकारी कंपनीच्या व्हीलचेअर आपल्या गावांत मोठ्या संख्येने आल्या आणि त्यांनी हजारो घरांत मोठे काम केले. मात्र मिटणारी साधी खुर्ची ही गाडीतली सीट म्हणून धडकेच्या चाचणीतून गेलेली असतेच असे नाही. त्यासाठी आयएसओ ७१७६-१९ हे वेगळे मानक आहे. म्हणून नियम सोपा ठेवावा: ज्याला सीटवर बसवणे शक्य आणि सुरक्षित आहे त्याला सीटवर बसवा आणि खुर्ची वेगळी बांधा. ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी खुर्चीचा सांगाडा जिथे वेल्ड केलेला, मजबूत आहे तिथे पट्टी लावा. मॉड्युलर तळाचा फायदा इथेही आहे. सीट खुर्चीच्या अगदी शेजारी सरकवून आणता येते, मग फळीवरून सरकणे सोपे जाते.

परदेशी तळ जसाच्या तसा उचलून आणला तर मात्र मराठवाडा त्याची परीक्षा घेईल. पहिली परीक्षा काळ्या मातीची. पावसाळ्यात वावरातून, पांदीतून आलेल्या व्हीलचेअरची चाके चिकट चिखलाने भरलेली असतात. तो चिखल रुळाच्या खाचांत बसला आणि वाळला की विटेसारखा होतो. मग खटका पूर्ण बसत नाही, आणि बसला नाही हे वरून दिसतही नाही. रूळ टोकाला मोकळा ठेवावा म्हणजे पाण्याचा पाइप लावून धुता येतो. वापर नसेल तेव्हा त्यावर रबरी पट्टी दाबून ठेवावी. आणि प्रत्येक फेरीआधी खटका हाताने ओढून पाहण्याची सवय चालकाला लावावी.

दुसरी परीक्षा उन्हाची. ॲल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. अडीच मीटरची पट्टी तीस अंशांनी तापली तर सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढते, खालचा पोलादी पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद गाडी तीस अंशांपेक्षाही जास्त तापते. कडक, ठिसूळ चिकटद्रव्य वापरले तर ते दोन उन्हाळ्यांत तडकते. लवचीक पॉलियुरेथेन वापरावे. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओल्या जागी थेट भिडले तर ॲल्युमिनियम गंजून खाल्ले जाते, म्हणून मध्ये रबर किंवा सीलंट हवेच. या गोष्टी महाग नाहीत. फक्त बसवणाऱ्याला माहीत असायला हव्यात.

गाडी कोणती निवडायची, हा प्रश्न मालक पहिल्यांदा विचारतात. व्हीलचेअरवर ताठ बसलेल्या प्रौढ माणसाचे डोके तळापासून १.३ ते १.४ मीटरवर येते. बहुतेक छोट्या व्हॅनची आतली उंची याहून कमी असते. युरोपात छोट्या गाडीचा मागचा तळ कापून खाली घेतात, कारण तिथल्या अशा गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असते आणि मागे खाली जागा मोकळी सापडते. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या मारुती ईकोत ताकद मागच्या चाकांना जाते. तळाखालून प्रोपेलर शाफ्ट आणि मागे ॲक्सल आहे, सीएनजीची असेल तर मागची जागा टाकीने घेतलेली. त्यामुळे तिचा तळ खाली घेण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुलांसाठी किंवा सीटवर सरकणाऱ्यांसाठी ती चालेल. फोर्स ट्रॅव्हलर उंच आहे, डोक्याला जागा भरपूर, पण तळही उंच, तेव्हा लिफ्ट लागते. टाटा विंगरची ताकद पुढच्या चाकांना आहे आणि तिचा तळ त्या मानाने खाली, म्हणून या कामाला ती मला सर्वांत योग्य वाटते. रॅम्पचाही हिशेब करावा. तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल तर इमारतींसाठीच्या एकास बारा चढाने ७.२ मीटरचा रॅम्प लागेल, जो गाडीत मावणार नाही. एकास चार चढाने २.४ मीटर पुरतो, पण तो एकट्याने चढण्याचा चढ नव्हे. मागून ढकलणारा किंवा वरून ओढणारी विंच हवीच.

हे सगळे मोठ्या कारखान्यांचे काम आहे, आपल्या गॅरेजचे नाही, असे वाटणाऱ्यांसाठी रॅल्फ ब्राउन यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात विनामॅक नावाच्या छोट्या गावात ते राहत. स्नायूंच्या आजाराने त्यांचे चालणे बंद झाले होते. १९६६ साली त्यांनी टपाल खात्याच्या एका जुन्या जीपला लिफ्ट बसवली, कारण त्यांना रोज कामावर जायचे होते. शेजारच्यांनी पाहिले, आपल्यासाठी करून मागितली. त्यातून आजची ब्राउनॲबिलिटी ही कंपनी उभी राहिली. गरज असलेला माणूस आणि वेल्डिंग येणारा हात एका ठिकाणी आले की असे काम सुरू होते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब इथे ट्रॅक्टर-ट्रॉल्या बांधणारे, टेम्पोच्या बॉड्या बनवणारे हात आहेत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ लिहून मराठी वाचकाला हे जग दाखवले आणि १९८४पासून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डच्या माध्यमातून त्यावर काम उभे केले. मराठीत या विषयाला वाचक आहे, कार्यकर्ते आहेत. कारागीर जोडायचा राहिला आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, जो १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे, त्याचे ४१वे कलम प्रवासाच्या सोयींची जबाबदारी शासनावर टाकते. नव्या बसगाड्यांत व्हीलचेअर आत नेण्याची आणि अडकवून ठेवण्याची सोय असावी, असा नियम १ मार्च २०२०पासून आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असे केंद्राला सांगितले. खासगी गाडीपुरते बोलायचे तर मोटार वाहन अधिनियमात दिव्यांगांसाठी बदललेल्या वाहनाची तरतूद आहे, पण त्या व्याख्येप्रमाणे असे वाहन केवळ दिव्यांग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायचे. आज आठ प्रवासी आणि उद्या दोन व्हीलचेअर नेणारी गाडी या चौकटीत बसत नाही. आरसीवर आसनसंख्या एकच असते. परिवहन खात्याने बदलत्या आसनव्यवस्थेची नोंद करण्याची सोय केली पाहिजे. त्याशिवाय खेड्यात ही गाडी परवडणार नाही, हे मी ठामपणे म्हणतो. तोवर कुणीही आरटीओची मंजुरी आणि विमा कंपनीला कळवणे टाळू नये. अपघात झाला तर नोंद नसलेला बदल भरपाई अडवतो.

चाचणीसाठी लांब जायला नको. पुण्यात एआरएआय आहे, भोसरीत सीआयआरटी आहे. देशभरातल्या बस आणि सीट तिथे तपासल्या जातात. एका तालुक्यातला कारागीर एकट्याने तिथे पोहोचणार नाही. पण जिल्ह्यातले पाच-सहा कारागीर, एखादी आयटीआय आणि जिल्हा परिषद एकत्र आली तर एक नमुना तळ तपासून घेता येईल आणि मग सगळ्यांनी तोच बसवावा. पैशांची वाटही आहे. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो थोडा थोडा वाटून संपतो. दहा-पंधरा गावांनी काही वर्षांचा वाटा एकत्र केला तर एका गाडीचा तळ आणि रॅम्प होऊ शकतो. २०२२ साली राज्यात दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला. त्याच्याकडे असा प्रस्ताव घेऊन जाणारे पहिले लोक धाराशिवचे असावेत, अशी माझी इच्छा आहे.

घरात व्हीलचेअर असलेल्या वाचकाला शेवटी एक विनंती. गाडी घ्यायला किंवा बदलून घ्यायला जाताना टेप घेऊन जा आणि ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्याला त्याच्या खुर्चीसह सोबत न्या. दाराची उंची मोजा, तळाची जमिनीपासूनची उंची मोजा, तळापासून टपापर्यंतचे अंतर मोजा. मग गाडीखाली वाकून पाहा आणि कारागिराला विचारा की हा बोल्ट खाली कशाला धरलेला आहे. उत्तर पटले नाही तर पैसे देऊ नका.